अनुभव धागा: महाड–महाबळेश्वर–वाई–भोर–महाड, एका दिवसात चार घाट

आंबेनळी, पसरणी, मांढरदेवी, वरंध. अंतर साधारण २०५ किलोमीटर, एकूण चढ तीन हजार मीटरच्या आसपास. रोड बाइकवर, म्हणजे अरुंद टायरच्या गियरच्या सायकलवर, ही फेरी कशी आखायची, हा प्रश्न दर हिवाळ्यात येतो, म्हणून हा धागा. प्रवासवर्णन आणि सूर्योदयाचे फोटो नकोत. वेळा, आकडे, काय बिघडतं आणि का बिघडतं, तेवढं लिहा.

घाटपंचक

पहिलं ठरवायचं ते सुरुवातीचं गाव. पुण्याकडचे बहुतेक जण वाईहून निघून आधी पसरणी चढतात. नकाशावर ते सोयीचं दिसतं, पण मग आंबेनळी उतरून पोलादपूरला पोचेपर्यंत दहा-अकरा वाजतात आणि वरंधचा चढ ऐन दुपारी, कोकणच्या दमट उकाड्यात येतो. फेरी तिथेच मोडते.

महाडहून निघा. पहाटे साडेचारला सुटलं की हायवेचे १८ किमी अंधारात आणि गारव्यात संपतात. सव्वापाचला पोलादपूर. तिथून महाबळेश्वर ४० किमी, सरासरी चढ सव्वातीन टक्के. सरासरीवर जाऊ नका: सुरुवातीचा सावित्रीच्या खोऱ्यातला रस्ता सौम्य आहे, खरा घाट त्यानंतर. कुंभरोशीला, म्हणजे प्रतापगडाच्या फाट्याला, पाणी भरून घ्या. नऊपर्यंत महाबळेश्वर, पावणेअकराला वाई, साडेबाराला मांढरदेवीचा माथा, दीडला भोर, पावणेपाचला वरंध घाटातलं वाघजाई, सव्वासहाला महाड. यात थांबे धरले आहेत, पंक्चर धरलेलं नाही.

वाईला साडेअकरा वाजले तर तिथेच थांबा, स्वारगेटची एसटी मिळते. भोरला अडीच वाजून गेले तर वरंधचा नाद सोडून कापूरहोळमार्गे हायवे गाठा.

चौतीसदाती

गियरचं गणित आधी करा. पुढच्या चकतीला ३४, मागच्या सगळ्यात मोठ्या चकतीला २८ दात असतील तर ताशी ७ किमी वेगाला पाय मिनिटाला ४६ फेरे मारतात. ते पेडलिंग नव्हे, जिना चढणं झालं. गुडघे मांढरदेवीपर्यंत टिकत नाहीत. मागे ३४ लावलं की त्याच वेगाला ५५ फेरे पडतात. फरक लहान वाटतो, आठव्या तासाला कळतो.

फक्त कॅसेट (मागच्या चकत्यांचा संच) बदलून भागत नाही. मागचा डिरेलर, म्हणजे साखळी एका चकतीवरून दुसरीवर नेणारा भाग, आखूड केजचा (साखळी ताणून धरणाऱ्या हाताचा) असेल तर ३४ दात पेलत नाही, लांब केज लागतो. साखळीही नवीन, पुरेशी लांब हवी. पुढे मोठी, मागे मोठी या जोडीवर एकदा हाताने फिरवून पाहा. साखळी ताणून डिरेलर पुढे ओढला जात असेल तर ती आखूड आहे. चुकून तो गियर पडला तर हँगर, म्हणजे डिरेलर फ्रेमला जोडणारा तुकडा, मोडतो. सुटा हँगर प्रत्येक सायकलचा वेगळा असतो, वाटेत कुठेही मिळणार नाही. तो आणि एक क्विक लिंक (तुटलेली साखळी जोडायची कडी) पिशवीत असू द्या.

डावीकडच्या हेअरपिन वळणाला आतल्या कडेने चढ एकदम दुप्पट वाटतो. गियर वळणाच्या दहा मीटर आधी हलका करा. जोर लावलेला असताना बदललात तर साखळी कडकड करते आणि कधीकधी उतरतेही.

वाईकर

महाडहून निघणं मान्य, पण त्याची किंमतही सांगायला हवी. वाईकडून मांढरदेवीचा चढ दक्षिणेकडे तोंड करून आहे. डिसेंबरात सूर्य दक्षिणेलाच असतो, त्यामुळे अकरा ते साडेबारा सावलीचा पत्ता नाही. उंचीमुळे कोकणापेक्षा बरं, इतकंच. वाईत दोन्ही बाटल्या भरून घ्या आणि मिसळ खाऊ नका. पहिल्या दोन वळणांतच ती वर यायला लागते. दहीभात, केळी, राजगिऱ्याचा लाडू पुरे.

ओआरएसचं पाकीट एक लिटरसाठी असतं. पाऊण लिटरच्या बाटलीत अख्खं ओतलं की पोट बिघडतं.

आणखी एक: पौष पौर्णिमेला मांढरदेवीच्या काळूबाईची यात्रा असते. तो दिवस आणि आसपासचे दिवस हा रस्ता सायकलीसाठी नाहीच असं समजा. मार्गशीर्षात प्रतापगडाच्या शिवप्रतापदिनाला आंबेनळीचंही तेच.

ब्रेकलायनर

आंबेनळी चढायची आहे म्हणून निर्धास्त राहू नका. पसरणी आणि वरंध उतरायचे आहेत. ब्रेक सतत हलके धरून ठेवणं हीच सगळ्यात मोठी चूक. रिम तापते, ट्यूब फुटू शकते. डिस्क ब्रेकला रेझिनचे (मऊ) पॅड असतील तर पकड ढिली पडते. वळणाआधी सरळ रस्त्यावर जोरात दाबा, सोडा, वळा. पसरणीत पर्यटकांच्या गाड्या वळणावरच ओव्हरटेक करतात, आपली डावी बाजू सोडू नका.

टायर २५ मिलिमीटर रुंदीचा नको, २८ चा घ्या. सत्तर किलोच्या माणसाला पुढे ६५, मागे ७० पीएसआय हवा. घट्ट भरलेला टायर घाटात वेगवान नसतो, उसळतो. दोन ट्यूब, पॅच आणि जुन्या टायरचा चार बोटं तुकडा. कडेला चीर गेली तर आतून तोच लावायचा.

वरंध पश्चिमेला उतरतो. पाच वाजता ऊन थेट डोळ्यांत आणि झाडाखाली काळी सावली. खड्डा त्या सावलीत असतो. गॉगल काढण्यापेक्षा वेग कमी करा.

नीरकाठ

भोर ते वाघजाई हा टप्पा सगळे कमी लेखतात. उंचीच्या आलेखावर तो जवळजवळ सपाट दिसतो. प्रत्यक्षात रस्ता नीरा-देवघर धरणाच्या फुगवट्याच्या कडेने प्रत्येक ओढ्यात उतरतो आणि पुन्हा वर येतो. शंभर मीटर अंतर उतार, दोनशे मीटर अंतर चढ, असं तीन तास. इथे लय लागत नाही. भोर सोडताना दोन बाटल्या आणि खिशात दोन तासांचं खाणं ठेवा, तासाला पन्नास-साठ ग्रॅम कर्बोदकं. दुकानं तुरळक, मोबाइलला रेंज बेभरवशाची.

वाघजाईला भजी-चहाच्या टपऱ्या आहेत. माकडंही आहेत, सायकलवरची पिशवी उघडी ठेवू नका.

कोकणपेडल

महिना: नोव्हेंबर मध्य ते फेब्रुवारी. पावसात नको. महाबळेश्वरला वर्षाला पाच हजार मिलिमीटरहून जास्त पाऊस पडतो, दरडी आंबेनळी आणि वरंध दोन्ही घाटांत येतात. २०२१ च्या जुलैत आंबेनळीचा रस्ता जागोजागी तुटला होता. वरंध पुणे आणि रायगड अशा दोन जिल्ह्यांत आहे, तेव्हा बंदीचा आदेश दोन्हीकडचा बघावा लागतो. एका बाजूला चालू म्हणून दुसरीकडेही चालू असेलच असं नाही.

हाच मोसम ऊसतोडीचाही. वाई आणि भोरच्या पट्ट्यात मागचा दिवा नसलेल्या ट्रॉल्या भेटतात आणि रस्त्यावर पाचट पडलेलं असतं. ओल्या पाचटावर ब्रेक लावला की पुढचं चाक घसरतं.

रेल्वेने येणाऱ्यांनी वीर स्टेशनला उतरावं. आदल्या रात्री महाडला मुक्काम करा, आणि लॉजवाल्याला पहाटे चारला फाटक उघडायला आदल्या दिवशीच सांगून ठेवा.