शब्दचर्चा : यहोवा, याहवे की परमेश्वर?

प्रश्न : मराठी बायबलात कुठे ‘यहोवा’ दिसतं, कुठे ‘परमेश्वर’. मूळ हिब्रू नाव नेमकं कोणतं? आणि त्याचा अर्थ ‘मी आहे तो आहे’ असा का लावतात?

प्रतिसाद : मूळ नाव चार अक्षरी आहे. योद, हे, वाव, हे. म्हणजे आपलं य-ह-व-ह. जुन्या हिब्रूत स्वर सहसा लिहीत नसत. शिवाय हे नाव बायबलात ६,८०० हून जास्त वेळा येत असलं तरी वाचताना तिथे ‘अदोनाय’ म्हणजे ‘माझा प्रभू’ म्हणायचं, असा ज्यूंचा रिवाज. पुढे मसोरा पंडितांनी, म्हणजे बायबलाचा हिब्रू पाठ जपणाऱ्या ज्यू विद्वानांनी, पोथ्यांत स्वरचिन्हं घातली, तेव्हा या व्यंजनांखाली ‘अदोनाय’चे स्वर दिले, वाचणाऱ्याला आठवण राहावी म्हणून. युरोपातल्या ख्रिस्ती अभ्यासकांनी दोन्ही एकत्र वाचलं आणि ‘जेहोवा’ झाला. आपला ‘यहोवा’ त्याच घराण्यातला. ‘याहवे’ हा अभ्यासकांचा तर्क, पण बिनबुडाचा नाही. जुन्या ग्रीक ख्रिस्ती लेखकांनी त्याच्याशी जुळणारे उच्चार नोंदवले आहेत.

प्रतिसाद : म्हणजे आमच्या पणजीसारखंच की! नवऱ्याचं नाव न घेता ‘इकडून येणं झालं’.

प्रतिसाद : काही अंशी. पण पणजोबांचं नाव गावाला ठाऊक होतं, इथे उच्चारच हरवला. यरुशलेमच्या मंदिरात प्रायश्चित्ताच्या दिवशी महायाजक ते नाव उच्चारत असे, इ.स. ७० मध्ये मंदिर पडलं आणि तेही थांबलं. मूळचे कोकणातले ज्यू, म्हणजे बेने इस्राएल, हेही ‘शमा’ ही प्रार्थना म्हणताना ‘अदोनाय’च म्हणतात.

आता अर्थ. बायबलातल्या निर्गम या पुस्तकात (३:१४) मोशे देवाला त्याचं नाव विचारतो आणि उत्तर मिळतं ‘एह्ये अशेर एह्ये’. ‘एह्ये’ ज्या हिब्रू ‘हाया’ धातूपासून येतं, त्यात आपलं ‘असणं’ आणि ‘होणं’ दोन्ही येतात, आणि हे रूप बहुधा भविष्याकडे झुकतं. दोनच वचनं आधी तेच ‘एह्ये’ येतं, तिथे मराठीत सरळ ‘मी तुझ्याबरोबर असेन’ होतं. मग पुढे एकदम ‘मी आहे’ का? ग्रीक भाषांतराने ‘जो आहे तो’ असं केलं आणि पुढच्यांनी बहुतेक तीच वाट धरली. मला ‘मी असेन तो असेन’ जास्त पटतं. त्यात थोडी हुलकावणीही आहे: नाव विचारू नकोस, सोबत आहे एवढं पुरे.

‘परमेश्वर’बद्दल माझी तक्रार वेगळी आहे. शब्द चांगला, पण ती पदवी झाली, नाव नव्हे. कर्मेल डोंगरावर एलिया संदेष्टा आणि बाल या दुसऱ्या देवाचे संदेष्टे समोरासमोर येतात, शेवटी लोक ओरडतात, ‘परमेश्वर हाच देव!’ मराठी कानाला हे ‘पाणी हेच जल’ असं वाटतं. हिब्रूत मात्र तिथे दोन नावांचा सामना आहे, बाल की य-ह-व-ह. एलियाचं हिब्रू नावच ‘एलियाहू’, म्हणजे ‘याहू माझा देव’; ‘याहू’ किंवा ‘याह’ हे त्याच चार अक्षरी नावाचं आखूड रूप. मलिदा या आपल्या विधीच्या वेळी बेने इस्राएल ज्या एलियाहू हन्नबीचं स्मरण करतात, तो हाच. ‘हालेलुया’तला शेवटचा ‘या’ही तोच: याहची स्तुती करा.

प्रश्नकर्ता : मग लेखात काय लिहू?

प्रतिसाद : मराठी बायबलातलं अवतरण असेल तर तिथे छापलंय तेच ठेवा. अभ्यासाचा लेख असेल तर ‘याहवे’ किंवा नुसतं य-ह-व-ह. ज्यू वाचकांसाठी लिहीत असाल तर एवढं ध्यानात ठेवा: ज्यू लोक ‘अदोनाय’सुद्धा प्रार्थनेपुरतं राखून ठेवतात, एरवी बोलताना ते ‘हाशेम’ म्हणतात, म्हणजे शब्दशः ‘ते नाव’.