टीपीएनवर असलेल्या बाबांना ग्रोथ हॉर्मोन द्यावं का? मदत हवी आहे

नमस्कार मंडळी. बाबा ६३ वर्षांचे. आतड्याचा रक्तपुरवठा बंद पडून मार्चमध्ये ऑपरेशन झालं, लहान आतडं जेमतेम ७० सेंमी उरलंय. तेव्हापासून रोज रात्री १२ तास टीपीएन, म्हणजे थेट शिरेतून दिलं जाणारं पोषण. ती दुधाळ पिशवी, पंपाची पीप-पीप आणि पहाटे ग्लुकोमीटर घेऊन उभी आई.

वजन ४१ वरून ४६ किलोवर गेलं म्हणून आम्ही खूश झालो होतो. पण नडगीवर बोट दाबलं की खळगा पडतो, आणि दंड अजून काटकीच. म्हणजे वाढलंय ते पाणी आणि चरबी, स्नायू नाहीत, असं मला वाटतं. अमिनो ॲसिड (प्रथिनांचे घटक) तर टीपीएनमधून रोज ७० ग्रॅम जातंय.

आता एक नातेवाईक ग्रोथ हॉर्मोनची इंजेक्शनं सुचवतायत. (त्यांचा मुलगा जिम चालवतो, असो.) १९९९ साली युरोपात आयसीयूतल्या अत्यवस्थ रुग्णांना ते मोठ्या डोसमध्ये दिलं, तर मृत्यूचं प्रमाण जवळपास दुप्पट झालं, हे वाचून मी हबकलोच. उलट आखूड आतड्यासाठीच अमेरिकेत २००३ मध्ये सोमाट्रोपिनला (म्हणजे हेच ग्रोथ हॉर्मोन) आणि २०१२ मध्ये टेड्युग्लुटाइड या आतड्याची शोषणशक्ती वाढवणाऱ्या दुसऱ्या औषधाला मान्यता मिळाली. बाबा आयसीयूत नाहीत, पण पंप चालू असताना शुगर २०० च्या घरात असते आणि या हॉर्मोनने ती आणखी वाढते म्हणे.

कुणाच्या घरी यातलं काही दिलंय का? टीपीएन थोडं तरी कमी झालं? की आधी फिजिओथेरपीवाल्याकडून वजनाचे व्यायाम सुरू करावेत? गुरुवारी डॉक्टरांकडे जायचंय, काय काय विचारू?