मेडिकेडवर वेअरेबल ब्रेस्ट पंप मिळवायचा कसा?

ओवी:
अमेरिकेत मेडिकेड (कमी उत्पन्न असणाऱ्यांचा सरकारी आरोग्य विमा) आहे, मॅनेज्ड केअर प्लॅनमार्फत, म्हणजे सरकारने नेमलेल्या विमा कंपनीकडून. ३१वा आठवडा चालू आहे. प्लॅनवाले म्हणतात पंप कव्हर होतो, पण सप्लायरच्या यादीत सगळे नळीचेच. ब्रामध्ये बसणारा हवा असेल तर डॉक्टरांकडून नेमकं काय लिहून घ्यायचं? बाहेरून विकत घेऊन बिल लावता येतं का?

कंदील:
शेवटचं आधी सांगते, बाहेरून घेऊ नका. मेडिकेड पैसे देतं ते नोंदणीकृत सप्लायरला. दुकानाची पावती लावून पैसे परत मिळतील हे धरून चालू नका.

आता बिलाच्या कोडचं. हातपंप ई०६०२, घरगुती इलेक्ट्रिक ई०६०३, हॉस्पिटल ग्रेड ई०६०४. वेअरेबलचं बिलही सहसा ई०६०३ खालीच लागतं, म्हणजे सप्लायरच्या हातात नळीच्या पंपाइतकेच पैसे पडतात आणि पंप मात्र महाग. म्हणून तो यादीत नसतो. तेव्हा प्लॅनला "वेअरेबल आहे का" असं न विचारता "ई०६०३ साठी नेटवर्कमधले सगळे डीएमई (वैद्यकीय उपकरणांचे) सप्लायर सांगा" असं विचारा आणि एकेकाला फोन करा. मॉडेलं प्रत्येकाकडे वेगळी असतात. खासगी विम्यात वरचा फरक भरून महाग मॉडेल घेता येतं. मेडिकेडचं बिल लावल्यावर त्याच वस्तूसाठी सप्लायरने वर पैसे मागणं साधारणपणे नियमात बसत नाही. कोणी अपग्रेड फी सांगितली तर भरण्याआधी प्लॅनला विचारा.

प्रिस्क्रिप्शनवर नाव, जन्मतारीख, प्रसूतीची अपेक्षित तारीख, "डबल इलेक्ट्रिक ब्रेस्ट पंप, ई०६०३, नग १", निदान कोड (बहुधा झेड३९.१), डॉक्टरांचा एनपीआय (राष्ट्रीय ओळख क्रमांक), सही आणि सहीखाली तारीख. ती तारीख राहिली की कागद परत येतो. ब्रँड लिहून घेऊ नका, तो सप्लायरकडे नसेल तर नवं प्रिस्क्रिप्शन आणावं लागतं.

सायली_आरएन:
पंप कधी पाठवतात ते राज्य आणि प्लॅनप्रमाणे बदलतं. कुठे प्रसूतीआधी काही आठवडे, कुठे बाळ झाल्यावरच. हे आजच विचारून ठेवा.

नकार आला तर तो लेखी मागा. नोटिशीच्या तारखेपासून ६० दिवसांत प्लॅनकडे अपील करता येतं. निर्णय ३० दिवसांत यायला हवा, तातडीचं असेल तर ७२ तासांत. तिथेही नकार मिळाला तर राज्याकडे फेअर हिअरिंग (सुनावणी) मागता येते. मेडिकेड असेल तर विकसाठी (गर्भवती, बाळंतिणी आणि लहान मुलांसाठीची सरकारी पोषण योजना) उत्पन्नाची अटही पूर्ण झालेली असते. तिथल्या स्तनपान सल्लागारांना जरूर भेटा.

एक कळकळीचं सांगणं: पहिले काही आठवडे वेअरेबलवर एकट्यावर विसंबू नका. दूध नीट सुरू व्हायला स्तन पूर्ण रिकामे व्हावे लागतात आणि त्या कामाला नळीचा पंप जास्त भरवशाचा. बाळ एनआयसीयूमध्ये (नवजात बाळांच्या अतिदक्षता विभागात) असेल तर ई०६०४ भाड्याने मागा. २४ तासांत किमान ८ वेळा पंप करावं लागतं.

कंदील:
वेअरेबल मिळालाच तर खोका उघडण्याआधी फ्लँजचं (स्तनावर बसणाऱ्या नरसाळ्याचं) माप बघा, उघडलेला पंप परत घेत नाहीत. स्तनाग्राचा व्यास बुडाशी मिलिमीटरमध्ये मोजायचा, भोवतीचा काळा भाग धरायचा नाही. खोक्यात बरेचदा २४ मिमीचा असतो. तो सैल पडला तर काळा भागही आत ओढला जातो, दुखतं आणि दूध कमी येतं. तेव्हा इन्सर्ट (माप लहान करणारा आतला तुकडा) घाला.

ओढ अचानक कमी झाली की मोटरला दोष देण्याआधी डकबिल व्हॉल्व्ह (बदकाच्या चोचीसारखी मऊ झडप) उजेडात धरा. त्याची चीर मिटलेली दिसली पाहिजे. फटीतून उजेड दिसला की तो बदलायचा. चीर ब्रशने घासली की लवकर फाटते.

ओवी:
आणि एकाही सप्लायरकडे वेअरेबल नसेल तर?

सायली_आरएन:
मेडिकेडवर नळीचा डबल इलेक्ट्रिक घ्या आणि नळीला जोडून ब्रामध्ये बसणारे कप वेगळे विकत घ्या. घेण्याआधी तुमच्या पंपाचं मॉडेल कपवाल्यांच्या यादीत आहे का ते बघा. नळीचं तोंड जुळलं नाही तर हवा गळते आणि ओढच लागत नाही.