मदत हवी आहे : भयकथेचा शेवट किती उलगडावा?
नमस्कार. मी पदवीच्या शेवटच्या वर्षाला आहे. रात्री अभ्यास आटोपला की भयकथा लिहिते. गेल्या सत्रात एक विषय राहिला आणि त्याच महिन्यात तीन कथा साभार परत आल्या. खूप लागलं मनाला. एका संपादकांनी मात्र आवर्जून कळवलं, वातावरण छान जमलंय, पण शेवटी सगळं समजावून सांगितल्यामुळे भीतीच उरत नाही. मला ते पटलंय. बंद खोलीतला आवाज कुणाचा, हे मी शेवटच्या परिच्छेदात सांगूनच टाकते. नाही सांगितलं, तर मैत्रिणीला कथा अर्धवट वाटते. किती सांगायचं आणि किती वाचकावर सोडायचं, हे तुम्ही कसं ठरवता? आणि परीक्षेच्या दिवसांत लिखाण पूर्ण थांबवता का? मी थांबवलं की कथेचा सूर पुन्हा सापडायला आठवडे जातात.