बेरिलियम-८: दोन अल्फांचं गणित -७३ एमईव्ही का देतंय?

नागपूर_एमएस्सी
बेरिलियम-८ म्हणजे दोन अल्फा (हेलियम-४ ची केंद्रकं) असं धरून रेडियल श्रोडिंगर समीकरण सोडवतोय. बक-फ्रेडरिक-व्हीटलीचं पोटेन्शियल घेतलंय: गॉसियन, खोली १२२.६ एमईव्ही (दशलक्ष इलेक्ट्रॉन-व्होल्ट), घातांकात ०.२२ प्रति वर्ग फर्मी. शिवाय कूलॉम (विद्युत प्रतिकर्षण). तीन-बिंदू सूत्र, ग्रिड ०.१ फर्मी, बॉक्स ४० फर्मी. एल=० ला (कोनीय संवेग शून्य) पहिली पातळी -७३ च्या आसपास येते, दुसरी -२६. पण हे केंद्रक तर टिकतच नाही! वस्तुमानांवरून पडताळलं, तर तिथेही ०.९३ एमईव्हीने बांधलेलं निघालं. चुकतंय कुठे?

अंबाझरीकर
त्या दोन्ही पातळ्या पाउली-निषिद्ध आहेत (दोन सारखे न्यूक्लिऑन एकाच अवस्थेत बसत नाहीत, या नियमाने वर्ज्य), सोडून द्या. आठपैकी चार न्यूक्लिऑननी ०एस (सर्वांत खालचा थर) भरला की उरलेल्या चौघांना वरच्या ०पी मध्ये जावं लागतं, म्हणजे किमान चार क्वांटा (ऊर्जेचे टप्पे). म्हणून नोडची (तरंगफलन मध्येच शून्य होतं त्या जागांची) दुप्पट अधिक एल हे ४ पेक्षा कमी चालत नाही: एल=० ला दोन नोड हवेत, एल=२ ला एक, एल=४ ला एकही नको. तुमची पातळी तिसरी. तरंगफलन काढून नोड मोजाच, नुसत्या क्रमांकावर जाऊ नका.

ती +०.०९ जवळ यायला हवी, पण या ग्रिडवर येणार नाही. आत पोटेन्शियल इतकं खोल आहे की तीन-बिंदू सूत्राला ०.१ फर्मी फार जाड पडतं आणि पातळी खाली सरकते. ०.०५, ०.०२५ करून बघा, चूक दरवेळी चौपट घटेल. किंवा सरळ न्युमेरोव्हची जास्त अचूक पद्धत घ्या. कूलॉमही बिंदूभाराचा नको, एरर फंक्शनवाला घ्या, आत ०.७५ आर (आर म्हणजे दोन अल्फांमधलं अंतर, फर्मीत).

महालकर
वस्तुमानाचं सांगतो. तुम्ही तीनच दशांश घेतलेत: हेलियम-४ च्या ४.००३ ची दुप्पट ८.००६, वजा बेरिलियमचे ८.००५. हा ०.००१ निव्वळ पूर्णांकनाचा आहे, अन् तोच ०.९३ एमईव्ही. सहा दशांश घ्या: ८.००५३०५ वजा ८.००५२०६ म्हणजे ०.००००९९, गुणिले ९३१.४९४. उत्तर ०.०९२ एमईव्ही, आणि बेरिलियमच जड.

नागपूर_एमएस्सी
खूप आभार, सर. पातळी धन असेल तर ४० फर्मीचा बॉक्स पुरेल?

अंबाझरीकर
पुरेल. ०.०९२ ला कूलॉमची भिंत थेट सुमारे ६३ फर्मीपर्यंत जाते (५.७६ भागिले ०.०९२), त्यामुळे ४० वर लाट भिंतीतच विरलेली असते. पातळीची रुंदीही जेमतेम ५.६ ईव्ही आहे. बॉक्स १०० केलात तर बाहेरच्या पातळ्या मध्ये घुसतील आणि ओळखणं अवघड होईल.

कार्बन-१२ कडे वळाल तेव्हा निषिद्ध पातळ्या तिन्ही जोड्यांतून काढाव्या लागतील. एका जोडीत राहिल्या तरी मूळ पातळी पाताळात जाते.