प्रश्न केवळ यंत्रसामग्रीचा नाही

प्रशिक्षण संस्थांना अद्ययावत यंत्रे दिली की उद्योगांना हवे तसे कुशल कामगार मिळू लागतील, हा मुद्दा मला अर्धाच पटतो. विद्यार्थी पुरेसा तयार झाला की नाही हे कोण ठरवते, हा प्रश्न कौशल्य प्रशिक्षणाच्या या चर्चेत अजून आलेला नाही आणि माझ्या मते तो अधिक महत्त्वाचा आहे. जर्मनीत १९६९ च्या व्यवसाय प्रशिक्षण कायद्यानुसार शिकाऊ उमेदवारांची अंतिम परीक्षा घेणाऱ्या मंडळात मालकांचे आणि कामगारांचे प्रतिनिधी समान संख्येने असतात व त्यांच्या जोडीला व्यवसाय शाळेचा किमान एक शिक्षक असतो. त्यामुळे लेथवर (धातू फिरवत कातणाऱ्या यंत्रावर) कातलेला दांडा मायक्रोमीटरने, म्हणजे सूक्ष्म माप घेणाऱ्या उपकरणाने, तपासणारी माणसे बहुधा रोज तेच काम करणारी असतात आणि मापातली कोणती चूक जोडणीच्या वेळी महागात पडेल, हे त्यांना नेमके ठाऊक असते. अमेरिकेत व्यवसाय शिक्षणाला केंद्रीय निधी देणाऱ्या २०१८ च्या पर्किन्स कायद्यानेही तो निधी घेणाऱ्या संस्थांना दर दोन वर्षांनी स्थानिक गरजांचा आढावा घेणे आणि त्यात उद्योगांशी सल्लामसलत करणे बंधनकारक केले आहे. मात्र सल्ला देणे वेगळे आणि परीक्षक म्हणून उत्तीर्ण-अनुत्तीर्णाची जबाबदारी घेणे वेगळे. ही जबाबदारी उद्योगांनी उचलल्याखेरीज प्रमाणपत्रावर त्यांचा स्वतःचाच विश्वास बसणार नाही.