मदत हवी आहे: वजन ‘नॉर्मल’, हात काटकुळे, पोट पुढे. वाढवायचं की उतरवायचं?

कृष्णाकाठचा

नमस्कार मंडळी. तीन वर्षं इथे नुसता वाचतोय, धागा पहिलाच. शीर्षक वाचून हसू आलं असेल तर हसून घ्या, मलाही येतं कधीकधी.

वय ३५, उंची १७० सेंमी, वजन ६३ किलो. मूळ सांगलीकडचा, नोकरी पुण्यात, दिवसाचे नऊ तास खुर्चीत. महिन्यापूर्वी ऑफिसात वार्षिक तपासणी झाली. पहिल्या टेबलावर उंची-वजन घेणाऱ्या मुलीने ‘बीएमआय (उंचीच्या मानाने वजन) २१.८, नॉर्मल’ लिहिलं आणि हसून ‘छान मेन्टेन केलंय सर’ म्हणाली. आयुष्यात वजनाबद्दल कुणी पहिल्यांदाच कौतुक केलं. चार दिवसांनी रिपोर्ट आला: एचबीए१सी (तीन महिन्यांची सरासरी साखर) ६.१, ट्रायग्लिसराइड (रक्तातली चरबी) २१२, सोनोग्राफीत फॅटी लिव्हर, ग्रेड १. रिपोर्ट सांगायला बसलेल्या डॉक्टरांनी मान वर न करता ‘वजन कमी करा, गोड बंद’ लिहून कागद सरकवला.

आईला फोनवर सांगितलं तर ती म्हणाली, “कमी? आहे काय तुझ्यात कमी करायला?”

तिचंही बरोबर. हिंदकेसरी मारुती माने आमच्याच जिल्ह्यातले. माझे दोन चुलते तालमीत वाढलेले, घरात बदाम आणि तूप पोरांच्या नावाने मोजून ठेवलेलं. त्या घरात मी जन्मलो आणि वयाच्या २७ पर्यंत ५२ किलोवर अडकलो. काडी पैलवान हे नाव शाळेतलं नाही, घरातलंच. जत्रेत धाकटे काका चारचौघांत दंड धरून म्हणायचे, “ह्यो बघा आमचा हिंदकेसरी.” सगळे हसायचे. मीही हसायचो.

लग्न ठरवताना एका ठिकाणाहून ‘मुलगा अंगाने फारच किरकोळ’ असा निरोप आला. मग मी पेटलो. जिमला जायची लाज वाटायची म्हणून खाण्यानेच अंग भरायचं ठरवलं. रोज सकाळी चार केळ्यांची शिकरण, संध्याकाळी दुकानदाराने दिलेली वजन वाढवायची पावडर दुधातून, रात्री तूप-गूळ-पोळी. दीड वर्षात ५२ चे ६१ झाले. घरात आनंदीआनंद. पण वाढलेलं सगळं पोटावर आणि छातीवर गेलं, हात-पाय होते तसेच. आता शर्ट खांद्यात ढगळ आणि पोटावर ताणलेला. बेंबीवरून टेप लावली, ८९ सेंमी.

आणखी एक गोष्ट लिहितो, ती लिहायला दोन दिवस लागले. मी गेली कित्येक वर्षं शर्टाच्या आत दोन बनियन घालतो. आधी हाडं दिसू नयेत म्हणून, आता छाती दिसू नये म्हणून. स्वतःच्या हळदीला कुडता काढला नाही, आईने सगळ्यांसमोर झापलं तरी नाही. येत्या मे महिन्यात चुलत भावाचं लग्न आहे, घरची विहीर तुडुंब असते, सगळी भावंडं पोहणार. माझी चार वर्षांची मुलगी आत्तापासून म्हणतेय, बाबा मला पोहायला शिकव.

तर, माझं योग्य वजन नक्की किती? ६३ वरून खाली आलो तर पुन्हा काडी पैलवान, वर गेलो तर साखर. आणि कुठल्याही आकड्याला या अंगात बरं वाटणं जमतं का, हेही कुणी प्रांजळपणे सांगा.

पातळभाजी

अंडी खा. सहा. रोज.

रात्रपाळी

मी डॉक्टर आहे, पण तुमची नाही. तुमचे रिपोर्ट घेऊन एखाद्या फिजिशियनकडे जाच; इथे लिहितेय ते त्याआधीची तयारी समजा.

तुमच्यासारख्या अंगाला वैद्यकात नाव आहे आणि ते नाव पुढे आणण्यात पुण्याचाच मोठा वाटा आहे. केईएम रुग्णालयातले डॉ. चित्तरंजन याज्ञिक आणि लंडनचे जॉन युडकिन या दोघांचा एक फोटो २००४ साली ‘लॅन्सेट’ या वैद्यकीय नियतकालिकात छापून आला. दोघांचा बीएमआय अगदी सारखा, २२.३. युडकिन यांच्या शरीरात चरबी ९.१ टक्के, याज्ञिकांच्या शरीरात २१.२ टक्के. म्हणजे काटा एकच आकडा दाखवतो, पण आत काय भरलंय ते सांगत नाही. याला ‘थिन-फॅट’ म्हणतात: दिसायला बारीक, आतून मेदाळ. मूळ कदाचित जन्माआधीच असतं. पुण्याजवळच्या खेड्यांतली बाळं त्यांनी अभ्यासली; सरासरी वजन २.७ किलोच्या आसपास, इंग्लंडमधल्या साउदॅम्प्टनच्या बाळांचं साधारण साडेतीन. आपली बाळं स्नायूंनी आणि पोटातल्या अवयवांनी लहान होती, चरबी मात्र त्या मानाने राखून होती. तेव्हा काडी पैलवान असण्यात तुमचा काही गुन्हा नाही आणि आईच्या स्वयंपाकाचाही नाही.

जेवणानंतर रक्तात आलेली साखर साठवायचं शरीरातलं सर्वांत मोठं कोठार म्हणजे स्नायू. तुमचं कोठार मुळातच लहान. त्यात तुम्ही पोती वाढवली, खोली वाढवली नाही. ती पावडर बहुधा माल्टोडेक्स्ट्रिनची असणार, म्हणजे जवळजवळ साखरच. डब्यामागचं बारीक अक्षर वाचा. जागा न मिळालेलं सगळं यकृतात आणि पोटात गेलं.

आता आकडा. भारतीयांसाठी बीएमआय १८.५ ते २२.९ योग्य धरतात, २३ पासून जास्त. तुमच्या उंचीला हे साधारण साडेत्रेपन्न ते सहासष्ट किलो होतं. म्हणजे १२ किलोंची ऐसपैस पट्टी आहे आणि तुम्ही तिच्या आतच आहात. म्हणून मी तुम्हाला वजनाचं ध्येय देणारच नाही. कंबरेचं देईन. पुरुषांसाठी ९० सेंमी ही आपल्याकडची धोक्याची रेघ, पण त्याहून सोपा नियम म्हणजे कंबर उंचीच्या निम्म्याहून कमी. तुमची ८५ च्या खाली. मापताना बेंबी धरू नका: शेवटची बरगडी आणि कुल्ल्याचं हाड यांच्या बरोबर मधे टेप, श्वास सोडून, पोट आत न ओढता. (सगळे ओढतात. माझे सहकारीसुद्धा.)

वजन ६३ चं ६३ राहिलं आणि कंबर चार सेंमी उतरली तर तुम्ही जिंकलात. काटा वाटल्यास माळ्यावर टाका. पण काही न करता वजन घटायला लागलं, तहान वाढली, रात्री लघवीला उठावं लागलं, तर थांबू नका, लगेच दाखवा. आणि हिमोग्लोबिन, बी१२ तपासून घ्या, कारण लोह कमी असलं की एचबीए१सी खोटं वर दिसू शकतं. जोडीने उपाशीपोटीची आणि जेवणानंतर दोन तासांची साखरही करा.

आडगाव_मेल

डॉ. जगन्नाथ दीक्षितांची पद्धत करा. दोनदाच जेवायचं, ५५ मिनिटांच्या आत. माझे १४ किलो उतरले, एचबीए१सी ७.२ वरून ५.९.

रात्रपाळी

@आडगाव_मेल, तुमचं अभिनंदन, पण तुमच्याकडे उतरवायला १४ किलो होते. यांच्याकडे नाहीत. दोन जेवणांत पुरेशी प्रथिनं बसली नाहीत तर आहेत ते स्नायूही जातील. यांनी स्वतःच्या डॉक्टरांना विचारल्याशिवाय करू नये असं माझं मत. यावरून इथे पुन्हा युद्ध नको, मागच्या धाग्यात २०० प्रतिसाद झालेत.

पातळभाजी

मी म्हटलं होतं अंडी.

जर्सीतला_बापू

माझीच गोष्ट. इथे न्यू जर्सीत आलो तेव्हा माझा बीएमआय २४, डॉक्टर गोरे, म्हणाले तुला साखर तपासायची गरज नाही. दोन वर्षांनी सरळ डायबेटिसच निघाला. नंतर कळलं, अमेरिकन डायबेटिस असोसिएशनने आशियाई वंशाच्या लोकांसाठी तपासणीची रेघ २०१५ मध्येच २५ वरून २३ वर आणली होती. तुम्हाला ६.१ लाच कळलं. मी ते नशीब समजलो असतो.

सुपारीफूल

वैद्यकीय भाग झाला, मी दोन बनियनबद्दल लिहिते, कारण त्याला कुणी हात लावला नाही.

माझं उलटं. मी ८१ किलो आणि माझ्या दोन बनियन म्हणजे ओढणी. उन्हाळ्यात, घरात, भाजी चिरतानासुद्धा. ‘स्वतःवर प्रेम करा’ वगैरे मला कधी जमलं नाही आणि ज्यांना जमतं त्यांच्याबद्दल मला थोडी शंकाच आहे. मला जमलं ते एवढंच: अंगाला येतील असे कपडे. दहा वर्षं मी ‘बारीक झाल्यावर घालीन’ म्हणून कपाट भरून ठेवलं होतं. ते एका दुपारी रिकामं केलं आणि कोपऱ्यावरच्या शिंप्याकडून मापाचे चार कुडते शिवून घेतले. तुमचे खांदे लहान आणि पोट मोठं, तर तयार शर्ट तुम्हाला कधीच नीट बसणार नाही. दोष शर्टाचा. कापड घ्या आणि शिवा. शिंपी माप घेताना ‘पोट सुटलंय साहेब’ म्हणत नाही, ‘इथे एक इंच जास्त धरतो’ म्हणतो. कुणी माझ्या अंगाबद्दल असं बोललेलं मी पहिल्यांदा ऐकलं.

आणि काकांचं. तुम्ही हसायचात असं लिहिलंयत. आता नका हसू. भांडायचंही नाही, नुसतं हसायचं नाही. चार सेकंद फार लांब वाटतात समोरच्याला.

तरीही आरशासमोर दिवसाचा अर्धा तास जात असेल किंवा लोकांत जाणंच टळत असेल तर एखाद्या समुपदेशकाशी बोला. सरकारचा टेलिमानस १४४१६ हा फुकट नंबर आहे, मराठीतही बोलतात.

कृष्णाकाठचा

सगळ्यांचे आभार. सुपारीफूल, तुमचा प्रतिसाद बायकोला वाचून दाखवला. ती म्हणाली, बनियनचं तिला पहिल्या आठवड्यापासून माहीत होतं, धुवायला दोन-दोन पडायचे.

रात्रपाळी, सांगितलंत तसं मापलं: ८८. पावडरीचा जुना डबा माळ्यावर सापडला, पहिलाच घटक माल्टोडेक्स्ट्रिन. व्यायाम म्हणजे नक्की काय करू? जिमला जायची अजून तयारी नाही. आणि आईची शिकरण कशी नाकारू?

रात्रपाळी

स्नायूंवर भार येईल असं काहीही, आठवड्यातून दोन-तीन दिवस. तालमीच्या घरातला माणूस मला हे विचारतोय? जोर-बैठका! आज चार निघाले तर पुढच्या आठवड्यात पाच. जमिनीवर जमत नसतील तर ओट्याला हात टेकून सुरू करा. शिवाय प्रत्येक जेवणानंतर दहा-पंधरा मिनिटं चाला, साखर उतरायला त्याची चांगली मदत होते.

प्रथिनं: राष्ट्रीय पोषण संस्थेच्या हिशेबाने किलोमागे ०.८३ ग्रॅम, म्हणजे तुम्हाला रोज किमान ५२. स्नायू कमवायचे तर थोडी जास्त. एका अंड्यात सहा ग्रॅमच्या आसपास (पातळभाजी, खूश?), ३० ग्रॅम कोरड्या डाळीत सात, पेलाभर दुधात साधारण तेवढीच. उसळ वाटीभर नको, वाडगाभर घ्या. शिकरण नाकारू नका, आईला त्या जागी मटकीची उसळ मागा. मागितलेलं खायला घालण्यात आयांना नाकारलं गेल्यासारखं वाटत नाही.

कृष्णाकाठचा

अपडेट, अकरा आठवड्यांनंतर.

बी१२ कमी निघालं, गोळ्या सुरू आहेत. हिमोग्लोबिन ठीक. एचबीए१सी डॉक्टरांनी तीन महिने भरल्यावरच करायला सांगितलंय, तेव्हा तो आकडा अजून नाही. वजन ६२.६. पूर्वीचा मी यावर रडलो असतो. कंबर ८५.५. जोर पहिल्या दिवशी तीन निघाले होते, आता सलग चौदा. मधे दोन आठवडे ऑफिसच्या कामात सगळं बंद पडलं होतं, तेही लिहून ठेवतो.

दिवाळीला घरी गेलो तेव्हा मागच्या पडवीत पहाटे जोर मारत होतो. धाकटे काका चहा घेऊन आले. गुडघे गेलेत त्यांचे, खुर्ची ओढून बसले. मला वाटलं आता हिंदकेसरी येणार. काही बोलले नाहीत. थोड्या वेळाने म्हणाले, “कंबर खाली सोडतोयस. नजर जमिनीवर नको, पुढं.” मग मोजायला लागले. अकरानंतर बारा म्हणालेच नाहीत, पुन्हा अकराच म्हणाले. तालमीतली जुनी खोड.

आई म्हणते वाळलास.

दोन शर्ट शिवून घेतलेत. आत एकच बनियन. विहिरीचं अजून माहीत नाही, मे लांब आहे.

पातळभाजी

अंडी किती?

कृष्णाकाठचा

तीन.

आडगाव_मेल

शर्टाची शिलाई किती घेतली? आमच्याकडे आता शिंपीच मिळत नाहीत.